चारुशीलाचं पोट आणि दफ्तरामागची खोली

उटनूरच्या एका सरकारी दफ्तरात चारुशीला टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा त्या इमारतीत दुसरी बाई नव्हती. आंध्रात तालुके मोडून नुकतीच मंडळं झाली होती, जिकडेतिकडे नव्या पाट्या लागत होत्या आणि पाट्यांबरोबर टायपाचं कामही वाढलं होतं. चारुशीला मूळची जैनथची. बाप धोंडीबा जन्मभर दुसऱ्याच्या पराटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, राबला, पण पोरीला त्यानं शाळेतून काढलं नाही. ती तेलुगू शाळेत शिकली, आदिलाबादला टायपिंगच्या क्लासला गेली. लग्न झालं ते उद्धवशी. उद्धव नार्नूरकडच्या एका शाळेत मास्तर होता, रोज बसनं जाऊन येऊन करायचा. घरात सासू जयवंताबाई आणि चार वर्षांची लेक कुमुदिनी, म्हणजे सगळ्यांची कुमू.

चारुशीला हसायला लागली की शेजारच्या घरातली माणसं विचारायची, काय झालं म्हणून. आणि जेवायला बसली की पाहणाऱ्याला भूक लागायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून तिळाची चटणी, आणि तोंडी लावायला कांदा असा फोडायचा की डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. जयवंताबाई कौतुकानं म्हणायची, "आमची चारू जेवते तं भाकरीले बी बरं वाटते."

नोकरीच्या पहिल्या दिवशी तिनं माठातलं पाणी भरपूर प्यायलं. उन्हातून चालत आली होती. दुपार झाली तशी ती खुर्चीत चुळबुळ करायला लागली. शेवटी उठून तिनं शिपाई चंपतला गाठलं.

"चंपतभाऊ, मागं काही सोय हाय काय?"

"कायची सोय?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चंपतला मग उमजलं. तो स्वभावानं भला, त्यानं लगेच मागं नेऊन एक खोली दाखवली. दाराला गंजलेलं कुलूप होतं.

"हे पाय बाई, संडास तं हाय. पन आत मोडक्या खुर्च्या हायेत, मच्छर मारायच्या भुकटीचे पिंप हायेत. किल्ली कोनापाशी हाय देव जाने."

"मंग तुमी कसं करता?"

"आमी? आमी तं तिकडं सागाच्या झाडाईत जातो," चंपत म्हणाला, आणि रस्ता दाखवावा तसा त्यानं हात लांब केला.

चारुशीला परत येऊन टायपरायटरपुढं बसली. दफ्तर सुटल्यावर ती घरी चालत गेली नाही, जवळजवळ धावत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं यावर तोडगा काढला. सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. डब्यातली भाकर ती कोरडीच गिळायची आणि भाजीत रस्सा कमी करायची.

लघवीचा प्रश्न असा सुटला. पोटाचा मात्र त्यातून सुरू झाला.

ते भाड्याच्या घरात राहायचे. अंगणाच्या टोकाला चार घरांत मिळून एक संडास. सकाळी तिथं बादल्यांची रांग लागायची. चारुशीलाला हापशावरून पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, उद्धवचा डबा, स्वतःचा डबा, कुमूची वेणी. तिची बादली रांगेत असायची, पण पाळी आली की तव्यावर भाकर असायची, म्हणून ती दुसऱ्याला पुढं जाऊ द्यायची. मग दहाच्या सुमाराला, नेमकं टायपरायटरवर कागद चढवला की पोट हाक मारायचं. ती पाय जुळवून, दात आवळून बसायची. थोड्या वेळानं हाक बंद व्हायची. पोटानं काही महिने अशा हाका मारल्या, मग तेही कंटाळलं आणि गप्प बसलं.

आधी दिवसाआड, मग दोनतीन दिवसांनी असं होत गेलं. पोट मृदंगासारखं ताणलेलं. दोन घास खाल्ले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं वाटायचं. सकाळी उमासे यायचे, कपाळ ठणकायचं. ज्या बाईचं जेवण पाहून लोकांना भूक लागायची, तिच्या ताटात अर्धी भाकर उरायला लागली. आणि एके दिवशी, बसल्यावर चाकूनं कापल्यासारखी कळ आली आणि रक्त दिसलं.

चारुशीला घाबरून गेली. जैनथची तिची मावशी ताराबाई पोटात गाठ होऊन गेली होती, आणि तिलाही अन्न जात नव्हतं. पण बोलायचं कोणापाशी? नवऱ्याला सांगायचं तर जीभ वळेना. सासूला सांगायचं तरी तेच. डोकं दुखतं हे माणूस चारचौघांत सांगतो, दाढ दुखते तर गाल धरून गावभर हिंडतो, पण या दुखण्याला नुसतं नाव द्यायचं म्हटलं तरी तिचे कान लाल व्हायचे. ती आपली "बरं वाटून नाही राह्यलं" एवढंच म्हणायची.

जयवंताबाईचे डोळे मात्र उघडे होते. सून जेवत नाही. सकाळी उमासे काढते. पोट पुढं आलंय. उठताबसता कमरेवर हात ठेवते. आणि कुमूलाही आता चार वर्षं झाली. म्हातारीनं मनाशी जुळणी केली आणि तिचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी चारुशीलाच्या डब्यात चिंचेचा गोळा निघाला. तिसऱ्या दिवशी आंबट बोरं. संध्याकाळी घरी आली तर सासूनं झाडू हातातून काढून घेतला.

"आत्या, हे काय?"

"राहू दे. तू बस."

"काऊन?"

"मले समजत नाही काय व? मी तीन पोरं काढली."

चारुशीलाला तेव्हा उलगडा झाला. "नाही नाही, आत्या! तसं काही नाही!"

"पयल्या खेपेलेबी तू असंच म्हनत होती," जयवंताबाई म्हणाली आणि चिंच सोलायला बसली.

आता "तसं नाही" म्हटलं तर "मग कसं?" हे आलंच, आणि ते सांगायची चारुशीलाची तयारी नव्हती. ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे कबूल केलं, असा म्हातारीनं अर्थ लावला. बातमी जैनथला गेली. तिकडून धोंडीबानं शेवया आणि तिळाचे लाडू पाठवले. उद्धव शाळेतून येताना एकदा सीताफळं घेऊन आला आणि नुसताच लाजून हसला. चारुशीलाला रडू का हसू ते कळेना. पोट तर दिवसेंदिवस जास्तच तटतटत होतं.

आठवडी बाजारात एक फिरता चूर्णवाला यायचा. लाल कापडावर बरण्या मांडून तो हिंदीत ओरडायचा, "गॅस, कब्ज, बवासीर! एक चम्मच रात को, सुबह सब साफ!" चारुशीलानं कांदे घ्यायचं निमित्त करून त्याच्यापुढून दोनदा फेरी मारली. मग आजूबाजूला पाहून पुडी घेतली आणि पिशवीत कांद्याखाली दडवली.

त्या रात्री एक चमचा घेतला. सकाळपर्यंत काही साफ झालं नाही. मग तिनं उजाडता उजाडता आणखी एक चमचा घेतला, आणि तो भरून घेतला.

नेमका तोच दिवस जयवंताबाईनं ठरवला होता. "चाल, आदिलाबादले बायकाईच्या डॉक्टरीनबाईले दाखवून येऊ. तुह्या तोंडावर रया नाही राह्यली. दोन जीवाची बाई अशी सुकते काय?"

दोघी लाल बसमध्ये बसल्या. बस गच्च भरलेली. कोणाच्या मांडीवर कोंबडी, कोणाच्या पायाशी तेलाचा डबा. दोन जीवाची म्हणून जयवंताबाईनं भांडून सुनेसाठी खिडकीची जागा मिळवली. इंद्रवेल्ली मागं पडली आणि चारुशीलाच्या पोटात काहीतरी हललं. तिनं खिडकीची दांडी धरली. बस खड्ड्यातून गेली. तिच्या कपाळाला घाम फुटला. पुढचा खड्डा आला, आणि तिला कळून चुकलं की आता ना लाज कामाची, ना दात आवळणं.

"आत्या," ती कशीबशी म्हणाली, "बस थांबवा."

"काय झालं व?"

"थांबवा आत्या! आता!"

जयवंताबाईनं सुनेचं तोंड पाहिलं आणि अशी आरोळी ठोकली की कोंबडी फडफडली. "अरे थांबव! थांबव! पोटुशी बाई हाय!"

कंडक्टर तेलुगू माणूस, त्याला शब्द कळले नाहीत, पण बाईचा रंग पाहून त्यानं घंटीची दोरी ओढली आणि "आपु! आपु!" म्हणून ड्रायव्हरला ओरडला. बस थांबायच्या आत चारुशीला पायरीवर होती. रस्त्याच्या कडेला तुरीचं शेत उभं होतं, डोक्याइतकं उंच, पिवळ्या फुलांनी भरलेलं. ती त्यात शिरली. जयवंताबाई पाण्याची बाटली घेऊन मागं धावली आणि पदर पसरून बांधावर उभी राहिली. बसमधल्या बायका खाली उतरल्या आणि त्याही म्हातारीशेजारी रांगेनं उभ्या राहिल्या, रस्त्याकडं तोंड करून. कंडक्टरनं सगळ्या पुरुषांना दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांकडं पाहायला लावलं. कोणी हूं की चूं केलं नाही. पोटुशी बाई म्हटल्यावर त्या बसला घाई नावाची गोष्टच उरली नाही.

चारुशीला सासूच्या खांद्याचा आधार घेत परत आली. एका गोंड म्हातारीनं आपली जागा सोडून तिला आडवं व्हायला लावलं. कोणी लिंबू दिलं, कोणी मीठ. पुढं गुडीहतनूरच्या आधी बस आणखी एकदा थांबली, आणि त्या वेळी कोणाला सांगावंही लागलं नाही.

आदिलाबादची डॉक्टरीणबाई तेलुगू, पण पुष्कळ वर्षं तिथं काढल्यामुळं हिंदीमराठीची खिचडी करून फाडफाड बोलायची. तिनं चारुशीलाला आत नेऊन नीट तपासलं, साखरमिठाचं पाणी प्यायला दिलं, आणि बाहेर येऊन जयवंताबाईला म्हणाली, "अम्मा, बच्चा नाही आहे."

"नाही?" जयवंताबाई दचकली. "गेलं काय?"

"गेलं नाही अम्मा. नव्हताच." मग ती चारुशीलाकडं वळली. "तुमी सांगा. संडास किती दिवसांनी होतो?"

चारुशीला जमिनीकडं पाहत राहिली. डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून वाट पाहत बसली. तिला घाई नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसूही नव्हतं, किळसही नव्हती. बाजारात भाव विचारावा तसा तिनं प्रश्न विचारला होता. त्या साधेपणानंच चारुशीलाचं तोंड उघडलं. तिनं सगळं सांगितलं. हाका मारणारं पोट, कळ, रक्त, मावशी ताराबाईची गाठ, चूर्णाचे चमचे, सगळंच. बोलता बोलता ती रडली.

"पानी किती पिता?"

"दफ्तरात नाही पीत."

"का?"

"दफ्तरात बाईमानसाले जायले जागा नाही."

डॉक्टरीणबाईनं मान हलवली. हे उत्तर तिला नवं नसावं. मग तिनं जयवंताबाईला विचारलं, "अम्मा, मळलेलं पीठ झाकण न ठेवता पडून राहिलं तर काय होतं?"

"काय होईन? सुकते. मंग खडक होते."

"तसंच आतड्यात होतं," डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि तिनं दोघींना समजावून सांगितलं. अन्न पुढं सरकत जातं, तसं शेवटचं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं. माल जितका जास्त वेळ आत थांबेल तितका तो कोरडा होतो. त्यात वरून पाणी कमी. पोट इशारा देतं, बहुतेक वेळा खाल्ल्यावर थोड्या वेळानं, पण तो रोज दाबला तर इशाराच मंद होतो. मग जे घट्ट, कोरडं बाहेर येतं, ते वाटेवरची नाजूक कातडी फाडतं. तिथं चीर पडते. कळ त्याची आणि रक्तही त्याचंच. गॅस, उमासे, भूक मरणं, हीसुद्धा त्याच गाडीची चाकं. ते चूर्ण म्हणजे अडलेल्या बैलाला चाबूक. एकदा पळतो, पण रोज चाबूक मारला तर बैलाची चाल बिघडते.

"गाठ नाही ना?" चारुशीलानं हळूच विचारलं.

"मी तपासलं. चीर दिसली, गाठ नाही लागली. महिन्यानं परत दाखवायला या. पण रक्त थांबलं नाही, वजन उतरलं, तर त्याची वाट न बघता यायचं. रक्ताला कोणीच आपल्या मनानं नाव द्यायचं नाही. आज हे बोललात ते बरं केलं."

औषध साधंच होतं. लावायला मलम, दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या घमेल्यात बसायचं, रात्री इसबगोल आणि त्यावर पेलाभर पाणी. पालेभाजी, पेरू, पपई, सालीसकट डाळी. सकाळी चहानाश्ता झाला की घाई न करता जाऊन बसायचं, आणि इशारा आला की उठायचं, मग तव्यावर भाकर असो नाही तर टायपरायटरवर कागद असो. आणि पाणी प्यायचं.

"प्यायचं तं खरं," चारुशीला म्हणाली, "पन मंग जायचं कुठं?"

"हे औषध माझ्या दुकानात मिळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ते तुमच्या दफ्तरात मागा."

दवाखान्यातून बसस्टँडपर्यंत जयवंताबाई चार पावलं पुढंच चालत राहिली. चारुशीलाला वाटलं, म्हातारी रागावली. नातवाची आस लावून बसली होती बिचारी. बाकावर टेकल्यावर जयवंताबाईनं एक लांब श्वास घेतला.

"चारू."

"काय आत्या?"

"म्या एवढ्या चिंचा कोनासाठी सोलल्या व?"

चारुशीलानं तिच्याकडं पाहिलं. म्हातारीचे ओठ थरथरत होते. आणि मग दोघींना असं हसू फुटलं की बसस्टँडवरचा पेपरवाला वळून पाहायला लागला. जयवंताबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. "आन् त्या बायका बिचाऱ्या उभ्या राह्यल्या! गोंडीन मावशीनं जागा देल्ली! सगळ्या बसले म्या पोटुशी म्हनून फसवलं!" डोळे पुसून झाल्यावर ती उठली, समोरच्या गाडीवरून पदरभर पेरू घेऊन आली आणि सुनेच्या मांडीवर ओतले. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "मले सांगायचं ना वं पोरी. मी काय तुले हासली असती काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घराची सूत्रं म्हातारीनं हातात घेतली. अंगणाच्या टोकाला रांगेत ती स्वतः बादली घेऊन उभी राहायची आणि पाळी आली की मोठ्यानं हाक मारायची, "चारू! ये!" चार घरांना ऐकू जायचं. चारुशीला पहिले काही दिवस मेल्याहून मेल्यासारखी व्हायची, मग सवय झाली. हापसा उद्धवकडं आला. कुमूची वेणीही उद्धवकडं आली, त्यामुळं कुमूची एक वेणी कानाशी आणि दुसरी मानेशी अशी पोर अंगणवाडीत जायला लागली. तिला ते फार आवडलं.

राहिलं दफ्तर.

दफ्तराचे सुपरिंटेंडंट विठ्ठलराव. जुन्या मराठी घरातला माणूस, बाप निजामाच्या काळात तहसिलीत मुन्शी होता. बोलणं मऊ, लिहिणं मोत्यासारखं. आपल्या खुर्चीवर ते घडी घातलेलं घोंगडं टाकून बसत. लाकडी खुर्ची बोचते म्हणून असेल, असं सगळे समजत. आदिलाबादहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी चारुशीला त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. मनात वाक्य जुळवून आणलं होतं, पण ती तोंड उघडायच्या आतच विठ्ठलराव प्रसन्न हसले.

"या बाई, या. कळलं आम्हाला. अभिनंदन."

"काय कळलं सायेब?"

"आपला ड्रायव्हर होता त्या बसमध्ये. काही काळजी करू नका. रजेची दरखास्त द्या, मी आजच मंजूर करतो."

पलीकडच्या टेबलावरचे कारकून माना वर करून कौतुकानं पाहायला लागले. चंपत तर पेढ्यांच्या आशेनं दाराशीच येऊन उभा राहिला. चारुशीलाला वाटलं, पाय आल्या वाटेनं परत न्यावेत. पण कालपासून तिनं पाणी प्यायला सुरुवात केली होती, आणि घड्याळात फक्त साडेअकरा झाले होते.

"सायेब," ती म्हणाली, आणि आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, "मी पोटुशी नाही. मले बद्धकोष्ठ झालं हाय."

एका कारकुनाचा हात कागदावरच थांबला.

"मी या दफ्तरात पानी पीत नाही, कारन इथं बाईले जायले जागा नाही. जागा हाय, पन तिच्यात मोडक्या खुर्च्या हायेत. पोट दाबून दाबून मले जखम झाली. डॉक्टरीनबाईनं औषद देल्लं, पन त्याच्यातलं अर्दं औषद तुमच्यापाशी हाय. मले त्या खोलीची किल्ली पायजे."

चारुशीलाचे कान तापले होते, पण ती तिथून हलली नाही. विठ्ठलराव घोंगड्यावर थोडे डावीकडं सरकले, मग थोडे उजवीकडं. चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात, त्यांनी विचारलं,

"बाई, ती डॉक्टरीण पुरुषांनाही पाहते काय?"

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग सगळ्यांची नजर एकदम घोंगड्याकडं गेली. चारुशीलाला हसू आवरेना, आणि तिचं हसणं म्हणजे काय ते आधी सांगितलंच आहे. कारकून हसले, चंपत हसला, आणि शेवटी विठ्ठलराव स्वतःच हसले. "मूळव्याध आहे बाई," ते म्हणाले. "कित्येक वर्षं झाली. घरीसुद्धा बोललो नाही."

"विचारून सांगते सायेब. पन त्या म्हनते, पानी प्या आन् पालेभाजी खा."

"चंपत!" विठ्ठलरावांनी हाक मारली. "मागची खोली रिकामी कर."

"सायेब, मंजुरी?"

"मंजुरी मागाहून घेऊ. आधी खुर्च्या काढ."

किल्ली कधीच सापडली नाही. कुलूप दगडानं फोडलं. पिंपं मलेरियावाल्यांच्या गोदामात गेली. भिंतीला चुना मारला, दाराला आतून नवी कडी लावली, बाहेर पाण्याची टाकी ठेवली. चारुशीलानं त्या दिवशी जेवताना माठातलं दोन पेले पाणी प्यायलं आणि डब्यात पहिल्यासारखी रश्शाची भाजी आणायला सुरुवात केली. चीर भरायला काही आठवडे गेले. पोटानंही लगेच विश्वास ठेवला नाही, पण हळूहळू ते पुन्हा हाका मारायला लागलं, आणि हाक आली की चारुशीला सरळ उठून जायची, मग समोर कोणाचाही कागद असो.

त्या दिवसानंतर दफ्तरातल्या दुपारच्या जेवणाचा विषयच बदलला. एकाला जेवल्यावर छातीत जळायचं, तो जेवून लगेच टेबलावर आडवा व्हायचा. त्याला विठ्ठलरावांनीच बसतं केलं, कारण आता तेही त्या डॉक्टरीणबाईच्या ओळखीच्या डॉक्टरकडं जाऊन आले होते आणि घोंगड्याची घडी अर्ध्यावर आली होती. ड्रायव्हरला दूध प्यायलं की पोट फुगायचं. त्यानं दूध सोडून ताक धरलं आणि सुखी झाला. पुढं दोन वर्षांनी चारुशीलाला खरंच दिवस गेले, तेव्हा तिनं घरी सांगितल्यावर जयवंताबाई म्हणाली, "पयले पेरू खाऊन पाय."

पण एकदा हसण्यावारी गेलेली गोष्ट हसण्याची नव्हती.

चंपतचे गुडघे दुखायचे. तो किराणा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायचा आणि सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायचा. पोटात जळलं की सोडा प्यायचा. जेवायला वेळेवर कधी बसायचा नाही, साहेबांची कामं संपली की बसायचा. एका दुपारी सगळे आपापल्या पोटाच्या गोष्टी सांगत होते, तर तो ऐटीत म्हणाला, "तुमचं काहीच नाही. माह्यं तं दोन दिवसांपासून डांबरावानी काळं होऊन राह्यलं. चिकट, काळंकुट्ट! आन् उभं राह्यलं का डोळ्याईपुढं अंधारी."

सगळे हसले. चारुशीला हसली नाही. दुसऱ्यांदा दाखवायला गेली होती तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईला विचारलं होतं की घाबरायचं कोणत्या रक्ताला, आणि बाईनं सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं. लाल दिसतं ते बहुतेक वेळा खालचं. काळं, डांबरासारखं होतं ते वर, जठराकडं कुठंतरी झिरपलेलं असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, ते आधी विचारायचं.

"चंपतभाऊ, लोहाच्या गोळ्या घेऊन राह्यले काय तुमी?"

"नाही व बाई. गुडघ्याच्याच."

ती उठली आणि विठ्ठलरावांकडं गेली. "सायेब, मी काही डॉक्टर नाही. चुकलं तं चुकलं. पन याले आत्ताच न्या."

विठ्ठलरावांनी बसल्या जागेवरूनच ड्रायव्हरला हाक मारली. जीप निघाली. चंपत आधी हसत होता, मग जीपमध्येच त्याचं डोकं लवंडलं, तेव्हा ड्रायव्हरनं गाडी अशी काही हाकली की खड्डे लागलेच नाहीत. आदिलाबादच्या दवाखान्यात त्याला सलाईनच्या बाटल्या लावल्या, रक्त चढवलं. उपाशीपोटीच्या गोळ्यांनी जठरात जखम झाली होती आणि ती आतल्या आत वाहत होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

महिन्याभरानं चंपत कामावर आला तो अंगानं वाळलेला, पण तोंडानं तसाच. आणि त्याच्याबरोबर त्याची बायको द्वारकाबाई आली. तिच्या हातात डबा होता. बाराचा ठोका पडला तशी तिनं व्हरांड्यात डबा उघडला, नवऱ्याच्या हातातली फाइल काढून बाजूला ठेवली आणि समोर मांडी घालून बसली.

"साहेबाईचा चहा राह्यला ना," चंपत कुरकुरला.

"साहेब आपल्या हातानं घेईन. तू जेव."

विठ्ठलरावांनी खरोखरच उठून आपला चहा आपण ओतून घेतला. द्वारकाबाई रोज यायला लागली. नवरा शेवटचा घास खाईपर्यंत ती हलायची नाही, आणि तो गोळीसाठी खिशाकडं हात नेताना दिसला की हातावर चापट मारायची. मग हळूहळू ती दोन भाकरी जास्त आणायला लागली, चारुशीलानं आपला डबा तिकडंच नेला, कारकुनांनी खुर्च्या ओढल्या. व्हरांड्यात पंगतच बसायला लागली.

एकदा द्वारकाबाई चारुशीलाला म्हणाली, "बाई, तुमी पोटाच्या एवढ्या गोष्टी सांगता. या मानसाच्या हट्टावर बी एखादं औषद विचारा ना तुमच्या डॉक्टरीनबाईले."

"त्याच्यावर तुमीच औषद हाय," चारुशीला म्हणाली.

चंपतनं तोंडातला घास न चावताच काहीतरी उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि दोघी बायका एकदमच ओरडल्या, "आदी चाव!"